पाखरं गेले का रे?

१

सकाळी दहा वाजता आमच्या टीमची मीटिंग असते. पंधरा मिनिटांची म्हणतात आणि चाळीस मिनिटं चालते. माझी पाळी चार मिनिटांत आटपते, उरलेला वेळ मी माइक बंद करून चहा पितो. डब्लिनपासून अडीच तासांवर असलेल्या शॅननच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधली आमची कंपनी सॉफ्टवेअर बनवते आणि मी ते तपासतो. दुसऱ्यांच्या कामातले दोष शोधायचे आणि ज्याचा दोष त्याच्या नावावर लावायचा, हे माझं पोटापाण्याचं काम. लॉकडाऊन लागल्यापासून ते मी घरूनच करतो.

२०२१च्या मे महिन्यात एका मंगळवारी चहाचा पहिला घोट घेत होतो, तेव्हा शेजारच्या खोलीतून चाळणीचा आवाज आला.

मराठी माणसाला हा आवाज समजावून सांगायला नको. सर्र, सर्र, सर्र, आणि मग कडेवर तळव्याची एक थाप. त्यामागून बांगडी परातीला लागल्याची बारीक किणकिण. घरात मी एकटा होतो. माझी बायको रेवा लिमरिकला दवाखान्यात ड्यूटीवर गेली होती, मुलगी स्वरांगी शाळेत. शेजारची खोली म्हणजे आमची बॉक्सरूम, जेमतेम एक पलंग आणि इस्त्रीचं टेबल मावेल एवढी. तिथे कोणी असण्याचं कारण नव्हतं.

बॉयलर असेल, असं मी स्वतःला सांगितलं. इथल्या घरांत भिंतीतले पाइप काय वाटेल ते आवाज काढतात. तेवढ्यात माझी पाळी आली. माइक सुरू केला, बोलायला तोंड उघडलं आणि चाळणी थांबली. माझं बोलणं संपेपर्यंत थांबून होती. मी माइक बंद केला. सर्र, सर्र, सर्र, थाप.

आईला जाऊन तेव्हा पाच आठवडे झाले होते.

२

आई वर्ध्याहून फेब्रुवारी २०२०मध्ये आमच्याकडे तीन महिन्यांसाठी आली होती. मार्चमध्ये सगळं जग बंद झालं, विमानं थांबली आणि तीन महिन्यांचे सहा झाले. तिच्या बॅगेत कपडे नावापुरते. बाकी सगळं थालीपिठाची भाजणी, सातूचं पीठ, मेतकूट आणि घरच्या तुरीची डाळ. विमानतळावर ती बॅग उचलताना माझी पाठ धरली होती आणि मी तिथेच तिला चार शब्द सुनावले होते. तिनं ऐकून घेतलं. ऐकून घेण्यात तिचा हातखंडा होता.

बॉक्सरूम तिला दिली. खिडकीखाली घडी घातलेलं ब्लँकेट टाकून ती खाली बसायची, कारण उजेड तिथेच चांगला. समोर परात, मांडीशी चाळणी. शेजारी नोरीन राहते. दोन्ही घरं तिचीच, म्हणजे ती आमची घरमालकीण. सत्तरीची, एकटी. मागच्या अंगणात दोन घरांमध्ये कमरेएवढी भिंत आहे. आई स्टीलच्या ताटलीत थालीपीठ ठेवून ती ताटली भिंतीवर ठेवायची आणि नियमाप्रमाणे दोन मीटर मागे सरायची. मग नोरीन पुढे येऊन ताटली उचलायची. दुसऱ्या दिवशी ताटली ब्रेड नाहीतर सफरचंदाचा केक घेऊन परत यायची. दोघींना एकमेकींचं अक्षर कळत नव्हतं आणि दोघी तासतासभर बोलायच्या. त्या दिवसांत आमच्या घरात खरी मजेत होती ती आईच.

जूनमध्ये स्वयंपाकघरात पहिलं पाखरू दिसलं. बोटाच्या पेराएवढंही नाही. पंख मिटून छतावर बसलेलं. पंखांचा पुढचा भाग मळक्या पांढऱ्या रंगाचा, मागचा तांब्याच्या भांड्यासारखा, मधे सरळ रेघ. संध्याकाळी दिव्याजवळ वेडंवाकडं उडायचं. चार दिवसांत अशी वीस झाली. प्रेसमध्ये, म्हणजे इकडे कपाटाला प्रेस म्हणतात, कोपऱ्याकोपऱ्यांत बारीक जाळी दिसू लागली. मग नोरीनच्या प्रेसमध्येही दिसली.

३

नोरीन भिंतीपाशी आली तेव्हा तिचा चेहरा पडलेला होता. ओट्स, मैदा, मनुका, सगळं टाकावं लागलं म्हणाली. तिच्या भाच्यानं फोनवर शोधून नावही काढलं होतं, इंडियन मील मॉथ. हे कुठून आलं असेल, असं तिनं विचारलं. आरोप नव्हता त्यात, नुसतं विचारलं.

नावातलं इंडियन मील म्हणजे अमेरिकेतल्या मक्याचं पीठ, हिंदुस्थानाचा त्यात काही संबंध नाही, हे मी नंतर वाचलं. पण आधी वाचलं असतं तरी फरक पडला नसता. मला लाज वाटत होती आणि ती लाज पटकन कुणाच्या तरी अंगावर टाकायची होती. मी म्हणालो, माझ्या आईनं गावाहून पीठ आणलंय, त्यातून आली असणार, सॉरी. आणि मागे बोट दाखवलं.

मागे आई ताटली घेऊन उभी होती. तिला इंग्रजी येत नव्हतं, पण मदर कळत होतं. बोटही कळत होतं.

त्याच दुपारी मी तिचं सगळं पीठ ओल्या कचऱ्याच्या खाकी बिनमध्ये ओतलं. भाजणी ओतताना ती एवढंच म्हणाली, "भाजणीत नव्हते रे विक्रांत. मी रोज पाहते." मी म्हणालो, "आई, इथे असलं चालत नाही." हे मी कुठल्या आवाजात म्हणालो ते मला आठवतं. ऑफिसात नवीन पोरांशी बोलताना तोच आवाज लागतो.

दोन दिवसांनी तिनं पुन्हा थालीपीठ केलं, इथल्याच दुकानातल्या पिठाचं. भिंतीवर ठेवलं, दोन मीटर मागे सरली. नोरीननं हसून ताटली उचलली. दुसऱ्या दिवशी आई कचरा टाकायला गेली तेव्हा नोरीनच्या बिनचं झाकण अर्धवट उघडं होतं. थालीपीठ वरच पडलं होतं, आख्खं. आई आत आली, हात धुतले, पुन्हा धुतले. त्यानंतर तिनं भिंतीवर काही ठेवलं नाही. ती ताटली नोरीनकडेच राहिली.

आणि तेव्हापासून ती चाळत बसली. दुकानातून आणलेलं सीलबंद पाकीट फोडून चाळायची. रवा, तांदूळ, स्वरांगीचे ओट्ससुद्धा. सापडलेली अळी काडीनं उचलून वर्तमानपत्रावर ठेवायची आणि कागद खिडकीतून बाहेर झटकायची. सकाळी दहाला, माझ्या मीटिंगच्या वेळी, कारण तेव्हा ऊन खिडकीत यायचं. मी चिडायचो. माइकमध्ये आवाज जातो म्हणायचो. ती थांबायची, माझं बोलणं झालं की पुन्हा सुरू करायची.

४

ऑगस्टमध्ये परतीचं विमान मिळालं. निघायच्या आदल्या दिवशी मी जिन्याखालच्या कपाटातून वजनकाटा काढायला वाकलो आणि मागे माझंच पोतं दिसलं.

पक्ष्यांचे दाणे. एप्रिलमध्ये घरी बसून बसून मला पक्षिप्रेमाचा झटका आला होता. ऑनलाइन दहा किलोचं पोतं मागवलं, सूर्यफुलाच्या बिया, बाजरी, भरडलेला मका. तीन आठवडे चिमण्यांना घातलं आणि विसरलो. पोत्याच्या बाजूंवर जाळ्याचा जाड थर होता. उचललं तर दहा-बारा पाखरं उडून माझ्या तोंडावर आली.

दोष शोधणाऱ्याला दोष सापडला होता. मी काय केलं? पोतं काळ्या पिशवीत घातलं, गाडीच्या डिकीत टाकलं आणि गावाच्या कचरा केंद्रात देऊन आलो. आई वर बॅग भरत होती, तिला काही कळलं नाही. मी मूग गिळून बसलो. विमानतळावर सांगू असं ठरवलं, तिथे गर्दी होती. मग फोनवर सांगू म्हटलं.

फोन दर रविवारी व्हायचा. ती स्वरांगीची चौकशी करायची, रेवाच्या ड्यूट्या विचारायची. शेवटी एकच प्रश्न यायचा.

"पाखरं गेले का रे?"

आणि थांबायची. फोन तुटला की काय असं वाटावं इतकं थांबायची.

"गेली आई," मी म्हणायचो. एकदा तर म्हणालो, "तू गेलीस तशी गेली." पलीकडून ती म्हणाली, "बरं झालं."

रेवाला मी कधी सांगितलं नाही. ती मैत्रिणींना हसत सांगते, आमच्या सासूबाईंनी वर्ध्याहून पाखरं आणली होती. मायेनंच सांगते. मीही हसतो.

एप्रिल २०२१मध्ये आईला वर्ध्याच्या हॉस्पिटलात दाखल केलं. नर्सनं व्हिडिओ कॉल लावून फोन धरला होता. मास्कमधून आईचा आवाज येत नव्हता, पण तिनं काय विचारलं ते मला कळलं. मी मान डोलावली. तिसऱ्या दिवशी बॉक्सरूममध्ये लॅपटॉपवर मी तिचे अंत्यविधी होताना पाहिले. ती परत गेल्यावर मी माझं टेबल त्या खोलीत नेलं होतं, ते त्यानंतर उचलून बेडरूममध्ये आणलं.

५

चाळणीच्या आवाजाचं मी जे केलं ते माझ्या धंद्याला धरूनच केलं. बॉयलर बंद केला. फ्रिज बंद केला. भिंतीला कान लावला; नोरीनकडे सामसूम. फोनवर रेकॉर्ड केलं, तर रेकॉर्डिंगमध्ये फक्त माझा चहा पिण्याचा आवाज. मी बोलतो तेव्हा थांबते, हे पुनःपुन्हा तपासलं. एकदा नुसतं "हॅलो" म्हणालो, थांबली. एकदा एक ते शंभर आकडे म्हटले, शंभरपर्यंत थांबली. पण आकडे ऐकून झाल्यावर ती इतक्या सावकाश सुरू झाली की मलाच ओशाळल्यासारखं झालं. कुणी कामाचं बोलेल म्हणून कान द्यावा आणि त्यानं पोरखेळ करावा, तसं.

खाई त्याला खवखवे, असं आई म्हणायची. तेवढंच असेल हे, असं मी मनाला समजावलं. मन खातंय, म्हणून कान वाजतात.

पण त्याच आठवड्यात पाखरं परत आली, आणि ती रेवालाही दिसली.

यावेळी मी सगळं वाचून काढलं. मादी एकावेळी चारशेपर्यंत अंडी घालते, धान्यावर, डोळ्याला न दिसणारी. त्यातून मळक्या रंगाची, तपकिरी डोक्याची अळी निघते. ती खाते आणि जाईल तिथे रेशमाचा धागा सोडत जाते, त्याचं जाळं होतं. पोट भरलं की ती अन्न सोडून लांब चालत जाते, भिंतीवर, छताच्या कोपऱ्यात, आणि तिथे स्वतःभोवती कोश विणते. ऊब असेल तर महिन्याभरात सगळा फेरा पुरा होतो. थंडीत तोच फेरा दहा महिनेही लांबतो. आणि पाखरू झाल्यावर ते काहीच खात नाही. उरलेले आठ-दहा दिवस नुसतं असतं.

ऑगस्ट ते मे म्हणजे नऊ-दहा महिनेच. त्यामुळे मला बरं वाटलं. कुठेतरी फटीत राहिलेल्या अळ्या, थंडीत झोपलेल्या, आता उठल्या. सोपं उत्तर मिळालं.

मग मी खाणं शोधलं. खायला असल्याशिवाय एवढी पैदास होत नाही. प्रेस रिकामी केली, प्रत्येक डाळ काचेच्या बरणीत गेली, जिन्याखालचं कपाट व्हिनेगरनं पुसलं. एक दाणा उघडा नव्हता. तरी अळ्या होत्या. सकाळी जिन्याच्या कठड्यावरून चढताना दिसायच्या, एकीमागे एक. सगळीकडे पांगत नव्हत्या. वर यायच्या, माझ्या दारावरून पुढे जायच्या आणि बॉक्सरूमच्या दाराखालच्या फटीतून आत.

रेवाला दाखवलं. ती दार उघडून आत गेली, हूवर, म्हणजे व्हॅक्यूम क्लीनर, फिरवला, बाहेर आली. काही नाहीये रे तिथे, म्हणाली. तू एकदा नीट बस आईंसाठी. रडून घे.

६

जूनच्या मधल्या गुरुवारी मी मीटिंग सुरू असताना उठलो. कानाला हेडसेट होता, माइक बंद. कुणी डब्लिनमधला सर्व्हर पडल्याचं सांगत होतं. बॉक्सरूमचं दार चार बोटं उघडं होतं.

आत ऊन होतं. खिडकीखाली कार्पेटवर वर्तमानपत्र पसरलेलं. त्यावर अळ्या एका ओळीत ठेवलेल्या, सगळ्यांची डोकी खिडकीकडे. पलीकडे परातीची कड दिसत होती आणि ती हलत होती. फटीतून मला कोपरापर्यंतचा एक हात दिसला. त्याच्या पुढचं दिसत नव्हतं, आणि दार ढकलायचं धैर्य मला झालं नाही.

हाताला पीठ नव्हतं. मी पीठ असेल असं धरून चाललो होतो. चिमटीत सूर्यफुलाची काळी बी होती. अंगठ्यानं तिच्यावरचं जाळं पुसलं, बी बाजूला ठेवली, दुसरी उचलली. कुणी आजारी मुलाचं नाक पुसावं इतक्या निगुतीनं.

हेडसेटमध्ये माझं नाव आलं. विक्रांत, ऐकतोयस ना?

हात थांबला. हवेतच, बोटं अर्धी मिटलेली.

"सॉरी," मी माइक सुरू करून म्हणालो, "माइक बंद होता." माझ्याकडून अमुक तपासून झालंय, तमुक उद्या. बोलताना मी डोळे मिटले होते, हे बोलणं संपल्यावर लक्षात आलं. उघडले तेव्हा कार्पेट मोकळं होतं. खिडकीखाली दोन काळ्या बिया आणि चिमूटभर बाजरी पडली होती. रेवा यायच्या आत मी ती हूवरनं ओढून घेतली. पुरावा म्हणून ठेवायला हवी होती, पण माझा हात त्या दुसऱ्या कामालाच सरावलेला आहे.

आता एक सांगतो. वर मी लिहिलंय की आई बॅग भरत होती आणि तिला काही कळलं नाही. ते खोटं आहे. इथेही मी तेच केलं.

पोत्याचं तोंड बांधलेलं होतं. मी ते कधी बांधलं नव्हतं. निळ्या सुती कापडाची पट्टी होती, आईच्या जुन्या परकराची, आणि वर्ध्याच्या घरी डब्यांना मारते तशी तिची दुहेरी गाठ. जाळं होतं ते बाहेरून आणि बुडाशी. तोंडाजवळच्या बिया स्वच्छ होत्या, निवडलेल्या. पोतं तिला माझ्या कितीतरी आधी सापडलं होतं. ती ते चाळत होती. माझं पोतं, माझ्या घरात, माझ्या मीटिंगच्या वेळी.

आणि मी ते उचलून निघालो तेव्हा ती जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली होती. तिनं मला वाट द्यायला पाय आणि पदर बाजूला घेतला. पोत्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं नाही.

"जपून ने," ती म्हणाली. "बुडाशी फाटलं आहे ते."

मी "हं" म्हणालो आणि बाहेर पडलो.

तर दर रविवारी ती पाखरांची चौकशी करत नव्हती. ती मला जागा करून देत होती, पाय बाजूला घेतले होते तशी. आणि आता शेजारच्या खोलीत तेच चाललंय. मी तोंड उघडतो आणि ती थांबते, की आता तरी बोलेल. ज्याच्यापुढे खोटं बोललो त्याच्यापुढे एकदा खरं बोललो, की ती चाळणी खाली ठेवून उठेल. एवढं मला लख्ख कळलं होतं. मोकळ्या खोलीत मी ते चारदा बोलूनही पाहिलं. मोकळ्या खोलीत बोलायला कुणीही बोलेल. ती ऐकून घ्यायची आणि पुन्हा सुरू करायची.

७

सप्टेंबरमध्ये नोरीन दारात आली. लसीचे दोन्ही डोस झाले होते, आता ती आत यायची. स्वयंपाकघरात बसली, चहा घेतला, हवेबद्दल बोलली. मग पिशवीतून आईची ताटली काढून टेबलावर ठेवली. घासून चकचकीत केलेली.

मला म्हणाली, ही मी परत करायला हवी होती. तेव्हाच. पण तुझ्या आईनं दिलेलं मी फेकलं, आणि वाटतं तिनं ते पाहिलं असावं. नंतर ती भिंतीपाशी आली नाही. मला तोंड दाखवायची लाज वाटली. आता तर बाई राहिलीच नाही.

वर सर्र, सर्र, सर्र चाललं होतं. सकाळचे दहा वाजून गेले होते; त्या दिवशी माझी रजा होती. नोरीनला ऐकू येत नव्हतं, किंवा तिला तो बॉयलर वाटला असेल.

"एक सांग मला," ती म्हणाली. "ती पाखरं. तिच्याच पिठातली होती ना?"

वर चाळणी थांबली.

फ्रिजही थांबला होता. टेबलावर ताटली, ताटलीच्या कडेवर एक पाखरू येऊन बसलेलं, अर्धं मळकं, अर्धं तांब्याचं. नोरीन माझ्याकडे पाहत होती. तिच्या डोळ्यांत नुसती भीती होती, की मी नाही म्हणेन, आणि मग त्या आख्ख्या थालीपिठाचं काय करायचं ते तिला मरेपर्यंत कळणार नाही. मला वाटलं, या म्हाताऱ्या बाईला कशाला दुखवा. हे मला खरंच वाटलं, शपथेवर सांगतो. आणि त्याच क्षणी हेही कळत होतं की चांगुलपणाच्या पदराआड मी पुन्हा तेच पोतं उचलून दाराकडे निघालो आहे.

मी तोंड उघडलं. वरती कुणीतरी श्वास रोखून धरला होता.

"हो," मी म्हणालो. "तिच्याच पिठातली."

नोरीननं सुस्कारा सोडला. "ग्रँड," ती म्हणाली, "ग्रँड," म्हणजे इकडचं बरं झालं, आणि माझ्या हातावर थोपटलं. तुझी आई फार चांगली बाई होती, म्हणाली. मी मान डोलावली, हॉस्पिटलच्या फोनवर डोलावली होती तशीच.

ती गेल्यावर मी ताटली प्रेसमध्ये ठेवली आणि जिन्याखाली उभा राहिलो. बराच वेळ काही आवाज आला नाही. मग वर चाळणी पुन्हा सुरू झाली, पहिल्यासारखीच, न रागावता.